मशीन शॉपमधे नवीन सिस्टम लावायचीय? आधी कुणाचं काय जातंय ते बघा

बेळगावात उद्यमबागेत, मच्छ्यात नाहीतर होनग्याकडं कुठल्यातरी कंपनीत लागून वर्ष-दोन वर्षं झालीयत, आणि एक दिवस मालक केबिनमधे बोलावून सांगतात, अमुक सिस्टम आता आपल्याकडं लावायची, तूच बघ सगळं. हे ज्यांचं झालंय किंवा होणार आहे त्यांच्यासाठी लिहूलोय. सिस्टम कुठलीही असू दे, सॉफ्टवेअर, नवीन शिफ्ट, फाइव्ह एस (कामाची जागा आवरून नीट लावायची पद्धत), हजेरीचं पंचिंग मशीन. मशीन कसं चालवायचं ते व्हेंडर येऊन शिकवून जातो, माणसांचं काय करायचं ते कोण शिकवत नाही, आणि गाडी अडती ती तिथंच.

मी पंधरा-सोळा वर्षं मशीन शॉपच्या प्लॅनिंगला आहे आणि यात एकदा सपशेल आपटलोय, म्हणून आधी तेच सांगतो. आमच्या इथं (कंपनीचं नाव कशाला) जॉब कार्ड कागदावर चालायचं. ऑपरेटर शिफ्ट सुटताना किती पीस काढले, किती रिजेक्ट गेले, मशीन किती वेळ बंद होतं ते लिहायचा, सकाळी क्लार्क ते रजिस्टरला चढवायचा. ते बंद करून दर दोन मशीनमागं एक टॅब बसवायचा असं ठरलं. मी व्हेंडरला बोलावलं, शनिवारी सगळ्यांना जमवून तासभर पडद्यावर दाखवलं, वडा-चा झाला, सोमवारपासून चालू. तीन आठवड्यात दोन टॅबवर कॉटन वेस्ट टाकलेलं, एकावर क्रिकेटचा स्कोअर, आणि एंट्री? एंट्री रोज सकाळी मीच करायचो, त्याच जुन्या रजिस्टरात बघून. मालकांना स्क्रीनवर आकडे दिसायचे, ते खूष.

मला वाटायचं पोरं आळशी आहेत. मग एकेकाबरोबर बसलो तेव्हा कळलं भानगड काय ती. आमचे जे थोरले सेटर (जॉबप्रमाणं मशीन लावून देणारे) आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांच्या खिशात एक डायरी असती, कुठल्या जॉबला कुठला इन्सर्ट (कापायचं पातं), किती स्पीड, कुठं ऑफसेट द्यायचा, वीस वर्षांचं सगळं तिच्यात. कुणाचं काही अडलं की मामा. आणि टॅब म्हणतोय सेटिंगची माहिती इथं भरा. भरल्यावर मामांना कोण विचारणार? ऑपरेटर लोकांचं वेगळंच, चांगला दिवस असला की चार-पाच पीस हातचे राखून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी कास्टिंग (ओतीव तुकडा) कडक आलं की ते दाखवायचे, आता दर तासाला आकडा भरायचा म्हटल्यावर ती सोय गेली. क्लार्कला तर डिस्पॅचची माणसं चा पाजायची, कारण कुठला जॉब कुठं अडकलाय ते फक्त त्याला ठाऊक. व्हेंडरच्या प्रेझेंटेशनमधे फायद्यांच्या बारा स्लाइड होत्या, कुणाचं काय जातंय त्याची एक पण नव्हती.

तर दुसऱ्यांदा कसं केलं आणि तुम्ही कसं करावं, ते पायरीपायरीनं.

पायरी १: कुणाचं काय जातंय त्याचा कागद

एक मोठा कागद घ्या, डावीकडं माणसांची नावं, डिपार्टमेंटची नाही, माणसांची. वर पाच रकाने: पैसे, मान, वेळ, हातातली कला, सोबत. प्रत्येकासमोर लिहायचं की या बदलानं त्याचं यातलं काय कमी होणार. पैसे म्हणजे पगारच असं नाही, ओटी (ओव्हरटाइम) धरा, आमच्या इथं कितीतरी जणांच्या गाडीचा हप्ता ओटीवर चालतो. वेळ म्हणजे खानापूरकडनं येणाऱ्याची गाडी चुकती का, येळ्ळूर-पिरनवाडीवाल्याला फरक नसतो पण जांबोटीच्या बाजूचा माणूस पंधरा मिनिटं उशिरा सुटला तर त्याची शेवटची बस जाती. सोबत हा रकाना सगळे विसरतात. दोघं दहा वर्षं शेजारशेजारच्या लेथवर आहेत, डबा एकत्र खातात, तुम्ही लेआउट बदलून एकाला त्या टोकाला टाकला आणि वर म्हणता विरोध कशाला करूलेत कळत नाही.

हा कागद केबिनमधे बसून भरायचा नाही, जमणारच नाही. चा प्यायला त्यांच्यात जा, लेथजवळ उभं राहा, आणि 'नवीन सिस्टमबद्दल काय वाटतं' असलं काही विचारू नका, उत्तर येईल 'चांगलं आहे की साहेब'. विचारायचं ते असं: आत्ता हे काम कसं करता, अडलं की कुणाला विचारता, जायच्या आधी शेवटचं काय करता, कुठल्या दिवशी लई वैताग येतो. ऐकताना वही काढायची नाही. मी काढली होती एकदा, समोरचा माणूस गप्प झाला तो झालाच.

कागद भरला की तीन प्रकार दिसतात. काही गोष्टी खरंच जाणार आहेत आणि त्याची भरपाई द्यायला पाहिजे. काही जाणार नाहीत, नुसती भीती आहे. आणि काही अशा की त्या जायलाच पाहिजेत, उदाहरणार्थ रिजेक्शन लपवायची सवय. तिन्हीला एकच उत्तर देऊन चालत नाही, आणि नवखे लोक नेमकं तेच करतात, सगळ्यांना 'काळजी करू नका' म्हणत सुटतात.

एक कायद्याची गोष्ट इथंच सांगून ठेवतो. पगार, भत्ते, कामाचे तास, शिफ्ट, किंवा नव्या मशीनमुळं माणसं कमी होणं असला बदल असेल तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम ९-अ मधे होतं, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत पण ठेवलंय. शिफ्टला हात लावायचा असेल तर आधी एचआर किंवा लेबरचं काम बघणाऱ्या कन्सल्टंटला विचारा, मग बाकीचं.

पायरी २: मालकांकडनं तीन उत्तरं घ्या

कुणालाही काही सांगायच्या आधी. एक, यातनं माणसं कमी करणार का? दोन, या आकड्यांवरनं कुणाला दंड, मेमो होणार का? तीन, डिस्पॅचची घाई आणि नवीन नियम यांची टक्कर झाली तर कुणाचं ऐकायचं? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा बघा. महिन्याची ३० तारीख, गाडी गेटवर लागलीय, मालक स्वतःच ओरडूलेत 'एंट्री राहू दे, माल काढ', की तुमची सिस्टम त्या दिवशी संपली. सगळं शॉप बघत असतं. आम्ही मालकांकडनं एवढंच कबूल करून घेतलं की पहिले दोन महिने तसं म्हणायचं नाही. ते म्हणाले पण होते एकदा, मी नुसतं बघितलं त्यांच्याकडं, हसले आणि गेले आत.

'माणसं कमी करणार का' याचं उत्तर 'हो' असेल तर 'नाही' म्हणून सांगू नका. मालकांना सांगा की साहेब हे तुम्हीच सांगा. तुम्ही नवीन आहात, तुमच्या तोंडून एक खोटं निघालं की पुढची दहा वर्षं त्याच शॉपमधे काढायची असतात.

पायरी ३: सांगायचं कसं

आधी सुपरवायझर, मग बाकीचे. सुपरवायझरला आणि ऑपरेटरला एकाच वेळी कळलं तर सुपरवायझर तुमचा राहत नाही, कारण ऑपरेटर पहिला त्यालाच विचारणार आणि त्याला उत्तर येणार नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. आणि भाषेचं बघा. आमच्या शॉपमधे सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) बहुतेक मराठी पोरं, फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) गोकाक-बैलहोंगलकडची कन्नड बोलणारी, मोल्डिंगला ओडिशा-बिहारची. बाहेर भाषेवरनं काय चालायचं ते चालू दे, आत शॉपमधे सगळे एकमेकांचं समजून घेतात, पण कामाची सूचना अर्धवट समजली तर बोट जातंय. म्हणून बोर्डावर कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही लिहायचं, त्याहून चांगलं म्हणजे फोटो लावायचे, बरोबर पीसचा आणि चुकीच्या पीसचा. आणि 'समजलं काय?' 'गोत्तायता?' 'समझा क्या?' असं तिन्ही भाषेत विचारलं तरी उत्तर एकच येतंय, 'हं'. विचारूच नका, 'करून दाखव की' म्हणा.

पायरी ४: त्यांना ठरवू द्या, खरंच

ही सगळ्यात मोठी पायरी. मला हे जुन्या अभ्यासातनं पटलं म्हणून तोच सांगतो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात मॅरियन गावी हारवूड नावाची पायजमे शिवायची फॅक्टरी होती. तिथं कामाची पद्धत बदलली की बायका चिडायच्या, उत्पादन पडायचं, नोकऱ्या सोडायच्या, म्हणजे आपल्याकडचंच सगळं. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच या दोघांनी तिथं प्रयोग केला, तो १९४८ ला छापून आला. एका गटाला नुसतं सांगितलं, उद्यापासनं काम असं, रेट असा. दुसऱ्या गटानं आपले प्रतिनिधी दिले, त्यांच्याबरोबर बसून बदल ठरवला. आणि दोन छोट्या गटात सगळेच्या सगळे बसले. नुसतं सांगितलेल्या गटाचं उत्पादन जे पडलं ते वर आलंच नाही, भांडणं सुरू झाली आणि पहिल्या ४० दिवसात १७ टक्के लोक काम सोडून गेले. सगळे बसले होते ते गट थोड्याच दिवसात पूर्वीच्या जागी आले आणि पुढं त्याच्याही वर साधारण १४ टक्के गेले. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या गटातली जी माणसं टिकली होती, त्यांनाच काही महिन्यांनी दुसऱ्या कामावर घालताना यावेळी सगळ्यांना बसवून ठरवलं, तर तीच 'अडेलतट्टू' माणसं पटापट वर आली.

पण एक लक्षात ठेवा, विचारल्यासारखं करू नका. सगळं ठरवून झालंय आणि मीटिंगला 'काही सूचना?' म्हणायचं, हे लोकांना दोन मिनिटात कळतंय. म्हणून आधीच स्पष्ट सांगा की कशावर बोलायचं नाही आणि कशावर तुमचंच चालणार. आम्ही सांगितलं, टॅब राहणार, रजिस्टर जाणार, हे ठरलंय. बाकी सगळं तुमचं. मग काय काय निघालं बघा. टॅब मशीनच्या उजव्या बाजूला होता, तिथं कूलंट उडतंय, तो डाव्या खांबावर घ्यायचा. भरायच्या १४ गोष्टी होत्या, पोरांनी विचारलं यातलं तुम्ही काय काय बघता साहेब, खरं सांगायचं तर पाचच बघत होतो, नऊ उडवल्या. दर तासाला नको, दोन तासाला. मशीन बंदची कारणं व्हेंडरनं इंग्रजीत अशी लिहिलेली की मलाच डोकं लावायला लागायचं, ती पोरांनी आपल्या शब्दात केली: टूल गेलं, कास्टिंग कडक, करंट गेला, क्रेन नाही, क्यूसीची वाट (क्यूसी म्हणजे पीस तपासणारे). 'क्यूसीची वाट' हे कारण पहिल्याच महिन्यात सगळ्यात वर आलं, आणि त्यावरनं जे महाभारत झालं ते वेगळंच.

आणि मामा. मामांना मी म्हटलं, डायरी टॅबवर टाकायची नाही, तुमच्याकडंच राहू दे, पण नवीन जॉबची सेटिंग शीट तुम्ही सांगाल तशी मी भरतो आणि शीटवर वर तुमचं नाव घालतो. मामा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा खाऊन आले आणि म्हणाले, "लिही की. पण मी म्हणतो तसं, तुझं इंग्लिश नको."

पायरी ५: मुहूर्त

चेष्टा नाही, कॅलेंडर बघा. जून-जुलैत भात लावणी, निम्मं शॉप शेतात. त्यात पाऊस असा लागतो की करंट आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही. पुढं गणपती. मग दसरा-दिवाळी, बोनसची बोलणी, लागून सुगी. मार्चला वर्षाचा हिशोब, डिस्पॅचवाले तुमच्याशी बोलत पण नाहीत. एप्रिल-मे गावच्या यात्रा आणि लग्नं, आणि मोठी यात्रा असली की त्या गावचा माणूस आठ दिवस दिसत नाही, दिसू पण नये. राहिलं काय? संक्रांतीनंतरचे चार-पाच आठवडे. आम्ही तेच धरले. तुमचं वेगळं असेल, पण व्हेंडरला सवड आहे म्हणून तारीख घेऊ नका.

पायरी ६: एका लाइनीवर, आणि नको म्हणणाऱ्यापासनं

सगळं शॉप एकदम नको, तीन-चार मशीनची एक लाइन घ्या. तिथं माणूस कोण? सगळे नवखे इथं चुकतात, जो हो हो म्हणतो त्याला घेतात. त्याचं जमलं तरी बाकीचे म्हणतात तो काय साहेबांचाच आहे. शॉपमधे ज्याचं ऐकतात आणि जो उघड नको म्हणतोय, त्याला घ्या. त्याचं जमलं तर दुसऱ्या लाइनीला तुम्हाला तोंड उघडायला लागत नाही, आणि नाही जमलं तर का नाही जमलं ते तो तोंडावर सांगेल, हो हो वाला सांगणार नाही.

कमिटी लहान ठेवा. पाच माणसं असली की एकमेकांतली बोलणी १० जोड्यांत होतात, दहा माणसं घेतली की ४५, पंधरा घेतली की १०५. गल्लीच्या मंडळात काम केलेल्याला हे सांगायला नको, वर्गणीची कमिटी पंचवीस जणांची असती आणि फिरतात चौघं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यात भांडण होणार, घाबरू नका. ब्रूस टकमन म्हणून एका मानसशास्त्रज्ञानं १९६५ ला टीमच्या चार अवस्था सांगितल्या, जमणं, भांडणं, घडी बसणं, मग काम, आणि दुसरी चुकवता येत नाही असाच माझा पण अनुभव. आमच्याकडं भांडण लागलं रिजेक्शन कुणी भरायचं यावर. प्रॉडक्शन म्हणतंय क्यूसीनं भरावं, क्यूसी म्हणतंय पीस त्यांनी घालवला तर त्यांनीच भरावं. मी दोघांना समजुतीचं सांगत बसलो, आठवडा फुकट गेला. शेवटी दोघांना मशीनजवळ उभं करून एक खराब पीस हातात दिला आणि म्हटलं आत्ता भरा, मी बघतो. दहा मिनिटात ठरलं: ज्याला पहिल्यांदा दिसतो तो भरतो, क्यूसी फक्त कारण पक्कं करतो.

पायरी ७: अडलाय तो नेमका कुठं?

कोणी नाही करत म्हटलं की लगेच 'विरोध' म्हणू नका. जेफ हायट यांची एक पाच गोष्टींची पद्धत आहे, ॲडकार (ADKAR) म्हणतात, ती या कामाला बरी पडती. बदल कशाला ते माहीत आहे का, करायची इच्छा आहे का, कसं करायचं ते कळलंय का, प्रत्यक्ष जमतंय का, आणि टिकायला काही आधार आहे का. क्रमानं बघायचं, पहिलं जिथं 'नाही' येईल तिथं काम करायचं. इच्छा नसलेल्याला ट्रेनिंग देऊन उपयोग नाही, तसंच जमत नसलेल्याला भाषण देऊन पण नाही.

आमच्या इथं पन्नाशीचे एक ऑपरेटर होते, महिनाभर टॅबला हात लावला नाही, 'आमाला नको ते' एवढंच. सगळे म्हणाले जुना माणूस, ऐकायचा नाही. एक दिवस मी बघितलं, ड्रॉइंग वाचताना ते कागद लांब धरूलेत. चष्मा पाहिजे होता हो, बारीक अक्षर दिसत नव्हतं, आणि पोरांसमोर ते सांगायची लाज. अक्षर दुप्पट मोठं केलं, चष्म्याचं त्यांच्या मुलाला हळूच सांगितलं. चौथ्या दिवसापासनं एंट्री. एक महिना आम्ही ज्याला विरोध म्हणत होतो तो असा निघाला.

शिकवायला व्हेंडरचा माणूस एकदाच पुरे, त्यापुढं शॉपमधलाच कोणीतरी आयटीआयवाला पोरगा शिकवू दे, आणि नाइट शिफ्टला पण एक तसा ठेवा. नाइटला कोण बघत नाही म्हणून जुनी पद्धत पहिली तिथनंच परत येती.

पायरी ८: रजिस्टर उचला

जुनं आणि नवीन दोन्ही बरोबर चालवायचं, पण त्याला तारीख घाला. आम्ही तीन आठवडे ठेवले. त्याच्यापेक्षा जास्त ठेवलं तर लोकांवर दुप्पट काम पडतंय आणि दोन्हीकडचं अर्धवट होतंय. रोज संध्याकाळी दोन्हीचे आकडे जुळवायचे, जुळले नाहीत तर ओरडायचं नाही, कुठनं फरक आला ते शोधायचं, पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळा चूक टॅबचीच निघती.

आणि क्लार्कचं विसरू नका. रजिस्टर गेलं म्हणजे त्याचा चा गेला. आम्ही त्याला रोजचा बंद मशीनचा रिपोर्ट काढून सकाळच्या मीटिंगला वाचायला लावला. आता क्यूसीवाले त्याला चा पाजतात, कारण 'क्यूसीची वाट' किती मिनिटं ते तोच वाचतो.

ठरलेल्या शनिवारी रजिस्टर आणि कोऱ्या जॉब कार्डांचा गठ्ठा खरोखर उचलून ऑफिसच्या कपाटात टाकला, कुलूप लावलं, पाव किलो कुंदा वाटला (माणसं बत्तीस, प्रत्येकाला नखाएवढा, त्यावरनं अजून बोलणी खातो). सहा महिन्यांनी एकदा न सांगता शनिवारच्या नाइटला जाऊन बघायचं, ते मी अजून करतो. गेल्या वेळी गेलो तेव्हा टॅबवर क्रिकेट पण होतं आणि एंट्री पण होती. मामांची डायरी अजून खिशातच असती. टॅबवरचं आणि तिच्यातलं जुळलं नाही तर मी अजून डायरीच खरी धरतो.